मदत हवी आहे: चौथीचा वर्ग, चार भाषा आणि वजाबाकी

नमस्कार. पुण्याच्या वेशीवरच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवते. पटावर ३६ मुलं. निम्मी गावातली. बाकीची आजूबाजूच्या बांधकामांवर काम करणाऱ्यांची: कलबुर्गी-यादगीरकडची कन्नड बोलणारी, महबूबनगरची तेलुगू, उत्तर प्रदेश-बिहारची हिंदी. शिवाय नांदेड-लातूरकडची काही, जी मराठीच बोलतात पण दर वर्षी शाळा बदलतात. बारा वर्षं शिकवतेय. भाषेच्या तासाला वाट काढता येते, गणितात मात्र मी अडकले आहे. गणिताला भाषा लागत नाही, असं मीच नव्या शिक्षकांना सांगायचे. या वर्षी कळलं की ते खरं नव्हतं.

पहिली अडचण आकड्यांचीच. फळ्यावर ४१ लिहिलं आणि एका मुलाला वाचायला सांगितलं. तो म्हणाला, "नवासी." मला वाटलं त्याला संख्याज्ञानच नाही. घरी आल्यावर लक्षात आलं: तो इंग्रजी अंक शिकून आला आहे. आपला ४ त्याला इंग्रजी आठसारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नऊसारखा. त्याने जे पाहिलं ते बरोबरच वाचलं होतं. आणि मी त्याला पहिलीच्या पुस्तकावर बसवलं होतं.

दुसरी अडचण संख्यांच्या नावांची. 'त्रेपन्न लिहा' म्हटलं की पाच-सहा वह्यांत ३५ येतात. कानावर आधी 'त्रे' पडतं, हात आधी ३ लिहितो. गावातली मुलंही हे करतात, पण त्यांचं दुसरी-तिसरीत सुटतं. बाहेरून आलेल्यांचं सुटत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. एका मुलाची आई भाजी विकते, संध्याकाळी तो पाटीवर असतो. ३७ रुपयांची भाजी, शंभराची नोट, परत किती? "त्रेसष्ट," पापणी लवायच्या आत. तीच वजाबाकी वहीत उभी मांडून दिली तर उत्तर १३७. शून्यातून ७ जात नाहीत म्हणून त्याने ७ मधून शून्य घालवलं, पुढे ३ मधून शून्य, आणि १ तसाच खाली उतरवला. शंभरातून ३७ गेले आणि १३७ उरले, हे त्याला खटकलंही नाही. पाटीवर हा मुलगा असं कधीच होऊ देणार नाही.

मी काय करून पाहिलं: शेवटच्या तासाला पातळीनुसार तीन गट केले. आठवडाभरात मुलांनी तिसऱ्या गटाचं नाव 'ढ गट' ठेवलं. त्या गटातली एक कन्नड मुलगी तेव्हापासून मी जवळ गेले की वही हाताने झाकते. गट मोडून टाकले. आता सगळ्यांना एकत्र शिकवते, तर गावातले पालक विचारतात की आमच्या पोरांच्या शिष्यवृत्तीचं काय. त्यांचंही चुकत नाही.

तर प्रश्न असा: एकाच तासात, एकाच शिक्षकाने, कोणावर शिक्का न मारता वजाबाकी कशी शिकवावी? कृपया 'शैक्षणिक साहित्य वापरा' इतकंच सांगू नका. कोणतं, कधी आणि पहिल्या दिवशी काय करायचं, ते सांगा.

पाटीपेन्सिल:
ताई, मी सोलापूरकडची. आमच्याकडे कन्नड-तेलुगू मुलं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे थोडं अनुभवाचं सांगते.

त्या मुलीला त्रेपन्न कन्नडमध्ये म्हणायला सांगा. ती 'ऐवत्तमूरु' म्हणेल: आधी पन्नास, मग तीन. तेलुगूतही तसंच, 'याभै मूडु'. म्हणजे तिच्या भाषेत संख्या जशी बोलतात तशीच लिहितात. उलटी आपली आहे, आणि हिंदीही. तिची चूक नाही, ती आपल्या शब्दाचं इमानदारीने ऐकते आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं हेच होतं, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत मुलं अडखळतात. मला तेव्हा पटलं नव्हतं. वर्गात वापरल्यावर पटलं. 'पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न' असं दोन्ही एका दमात म्हणवून घ्या. महिनाभरात पहिला भाग आपोआप गळतो.

पहिल्या दिवशी काय करायचं विचारलंत म्हणून: एक मोठा तक्ता करा. दशकांची नावं चारही भाषांत आणि अंक मराठी-इंग्रजी दोन्ही, शेजारी शेजारी. नावं तुम्ही लिहू नका, मुलांना सांगू द्या. रोज सकाळी पाच मिनिटं एका भाषेत दहा-दहाने मोजायचं, सगळ्या वर्गाने, गावातल्यांनीसुद्धा. ज्याची भाषा त्याने पुढे उभं राहायचं. मात्र कन्नडमध्ये सगळंच सरळ आहे असं समजू नका. अकरा-बारा म्हणजे 'हन्नोंदु, हन्नेरडु', तिथे त्यांनाही पाठच करावं लागतं.

आणि ई-बालभारतीवर गणिताची पुस्तकं कन्नड, तेलुगू, हिंदी माध्यमांचीही फुकट मिळतात. बहुतेक पानांवर चित्रं आणि उदाहरणं तीच असतात. शाब्दिक उदाहरणाचं तेवढं पान छापून मुलाच्या वहीत चिकटवा. वाचता येत नसेल तर वरच्या वर्गातल्या भावंडाकडून वाचून घ्या.

निवृत्त गुरुजी:
मॅडम, तुमच्या भाजीवाल्या मुलाबद्दल लिहितो. त्याला वजाबाकी शिकवण्याची गरज नाही. त्याला जी येते ती कागदावर कशी दिसते, एवढंच दाखवायचं आहे.

तो डोक्यात घालवतच नाही, तो पुढे मोजतो. ३७ ला ३ दिले की ४०, चाळीसला ६० दिले की १००. फळ्यावर एक आडवी रेघ ओढा, अंक न मांडलेली. एका टोकाला ३७, मग ४०, मग १००. दोन उड्यांच्या कमानी, वर ३ आणि ६०. त्याच्याच तोंडून वदवून घ्या आणि वर्गाला सांगा की ही याची पद्धत. मग खेळातली शंभराची नोट द्या आणि ३७ मागा. सुट्टे केल्याशिवाय देता येत नाहीत. दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून दहा नाणी. त्यानंतर उभी मांडणी. नऊ दशक आणि दहा सुटे हे त्याला तेव्हा दिसेल. 'हातचा घेतला' हा शब्द मी शेवटी आणायचो, कारण कोणाच्या हाताचा आणि कुठून घेतला हे कळलं नाही की तो मंत्र होतो.

हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या वर्गाचा नाही. अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी मुलं हिशेब तोंडी बिनचूक करतात आणि तशीच उदाहरणं शाळेच्या पद्धतीने दिली की अडतात. नुसतं शाळेत जाणाऱ्या मुलांचं उलट, त्यांना बाजारातला हिशेब जड जातो. म्हणजे तुमच्या गावातल्या मुलांनाही या मुलाकडून घेण्यासारखं आहे. पालकसभेत हे करूनच दाखवा, बोलून पटणार नाही.

आता गटांबद्दल. गट मुलांचे करू नका, उदाहरणाला दारं ठेवा. फळ्यावर लिहा: 'उत्तर २५ येईल अशा वजाबाक्या तयार करा.' कोणी ३०−५ लिहील, कोणी ५२−२७, कोणी हजारातून. उदाहरण एकच, शिक्का कोणावरच नाही. आणि तुम्हाला मात्र कोण कुठे आहे हे दहा मिनिटांत कळतं.

सुटे_दशक:
गुरुजींशी थोडा असहमत. पातळीनुसार गट वाईट नसतात, कायमचे गट वाईट असतात. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने हीच पद्धत अनेक राज्यांत वापरली आहे: दिवसातला ठरावीक वेळच गट, आणि मूल पुढे गेलं की गट बदलतो. ज्याला दशक-सुटेच कळले नाहीत त्याला उघड्या उदाहरणातून ते कळणार नाहीत, तिथे काडीचे गठ्ठे घेऊन शेजारीच बसावं लागतं. मी गटांना नावं देत नाही. वस्तूंवरून ओळखतो: आज काड्यांवर कोण, नोटांवर कोण, रेघेवर कोण. हुशार मुलांनाही आठवड्यातून एकदा काड्यांवर बसवतो आणि भागाकार करायला लावतो, म्हणजे काड्या म्हणजे कच्च्यांसाठी हे डोक्यात बसत नाही.

वर्षाच्या मध्ये येणाऱ्यांसाठी: पहिल्या दिवशी लेखी चाचणी नको. पाच मिनिटं तोंडी, त्याच्या भाषेत. आणि मूल जाताना शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाची माहिती नव्या शाळेला देणारं कार्ड) देताच, त्याच्या मागे एक ओळ हाताने लिहा की याला काय *येतं*. माझ्या वर्गात एक मुलगी अशी ओळ घेऊन आली होती. माझे पंधरा दिवस वाचले.

मूळ प्रश्नकर्ती (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता लागला. सकाळचं मोजणं मुलांना इतकं आवडलं की पाच मिनिटांची पंधरा होतात, ते आवरावं लागेल. ३५ लिहिणारे आता दोनच उरलेत. नोटांचं अजून नीट जमलेलं नाही, ३६ मुलांत नोटा वाटण्यातच अर्धा तास जातो. भाजीवाल्या मुलाला रेघ लगेच कळली, उभी मांडणी अजून नाही. मी घाई करत नाहीये.

'उत्तर २५' काल केलं. वही झाकणाऱ्या मुलीने आधी ३०−५ लिहिलं. मग ३१−६, ३२−७, ३३−८. दोन्हीकडे एकेक वाढवत ती पान भरून खाली गेली, ५२−२७ पर्यंत. ती वजाबाकी तिला मांडून करता येत नाही, पण उत्तर २५च असणार हे तिला माहीत होतं. मी शेजारी उभी होते. तिने वही झाकली नाही.

पुढचा घटक भागाकार आहे. 'प्रत्येकी' या शब्दावर अर्धा वर्ग थांबतो. कन्नड-तेलुगूत मुलांना कळेल असा शब्द कोणाला माहीत आहे का?

पाटीपेन्सिल:
माणसांत वाटायचं असेल तर कन्नडमध्ये 'ओब्बोब्बरिगे', तेलुगूत 'ओक्कोक्करिकी'. दोन्हींचा अर्थ 'एकेकाला'. मराठीतही आधी तोच शब्द वापरा, 'प्रत्येकी' आठवड्याने आणा. आणि पहिलं वाटप खऱ्या वस्तूंचं असू दे. आमच्याकडे चिंचोके चालतात.