ट्रायक्लोरोइथिलीनऐवजी दुसरे द्रावक घेताना सुरक्षितता कशी पडताळावी?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)
नमस्कार. आमच्या मशीनशॉपमध्ये हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीवरील तेल काढण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीनची तापवलेली टाकी अनेक वर्षे वापरात आहे. या द्रावकाने मूत्रपिंडाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यामुळे आम्ही ते बंद करणार आहोत. पुरवठादार त्याऐवजी एन-प्रोपिल ब्रोमाइड सुचवतात. ते याच टाकीत चालते आणि पूर्वीच्या द्रावकापेक्षा सुरक्षित आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. एवढ्यावर विसंबावे का?

उत्तर 1 (सुरक्षा अधिकारी, मच्छे)
मुळीच विसंबू नये. ट्रायक्लोरोइथिलीन सुमारे 87 अंशांना उकळते, तर एन-प्रोपिल ब्रोमाइड सुमारे 71 अंशांनाच. म्हणजे टाकी तीच ठेवून तापमान व झाकणाची व्यवस्था बदलली नाही, तर हवेत वाफ अधिक जाईल. शिवाय एन-प्रोपिल ब्रोमाइड मज्जातंतूंना इजा करते: पायांना बधिरता येते, चालणे अवघड होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील गॅरेजांमध्ये असेच घडले. ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्यातील क्लोरीनयुक्त द्रावकांची जागा हेक्झेनने घेतली आणि तेथील मेकॅनिकांना मज्जातंतूंचा विकार जडला. द्रावकासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकातील ‘माहिती उपलब्ध नाही’ या शब्दांचा अर्थ ‘धोका नाही’ असा कधीही घेऊ नका. तीव्र विषबाधा, दीर्घकालीन आजार, आग, बाष्पीभवन, सांडपाणी आणि प्रत्यक्ष कामाची पद्धत या प्रत्येक बाबतीत जुने व नवे द्रावक शेजारी शेजारी मांडून पाहा. टर्पेंटाइनसारखे द्रावक घेतल्यास कर्करोगाची चिंता कमी होईल, पण आगीची वाढेल.

उत्तर 2 (फाउंड्री व्यवसाय, बेळगाव)
आधी एक विचारतो: प्रत्येक टप्प्यावर तेल काढणे खरोखर आवश्यक आहे का? आम्ही मधली एक धुलाई बंद केली आणि उरलेल्या कामासाठी अल्कधर्मी पाण्याचे क्लीनर घेतले. त्यातही अडचणी आहेतच. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागांवर लगेच गंज चढतो, आंधळ्या (एका बाजूने बंद) भोकांत पाणी राहते, गरम द्रावणाने हात भाजतात आणि तेलकट पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही. तुमच्याकडे ॲल्युमिनियमचे भाग असतील तर तीव्र अल्कली टाळा, कारण त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. सूचना मराठीबरोबर कन्नडमध्येही लावा. आमच्याकडे निम्मे कामगार कन्नड वाचतात.

प्रश्नकर्ते
आभार. ॲल्युमिनियमचे काही भाग आमच्याकडेही आहेत, हे ध्यानातच आले नव्हते. पुरवठादाराला नकार कळवतो आणि बिडाच्या थोड्या बॉडींवर पाण्याच्या क्लीनरची चाचणी घेतो.