उद्ध्वस्त जग आवडतं, म्हणजे दुःख आवडतं असं नाही
काही जण म्हणतात की ज्यांच्या वाट्याला दुःख आलं नाही, तेच कथांमधली आणि गेममधली असली भकास जगं हौसेने शोधतात. मला हे अजिबात पटत नाही.

२०१४ साली आलेला 'धिस वॉर ऑफ माइन' हा पोलिश व्हिडिओ गेम घ्या. बोस्नियाची राजधानी सारायेव्होला युद्धात पडलेल्या वेढ्यावरून (१९९२-९६) सुचलेला. यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात अडकलेली साधी माणसं असतो. रात्री बाहेर पडून मिळेल ते गोळा करायचं. थंडी वाढली की हातातलं पुस्तक वाचायचं की शेगडीत घालायचं, हे ठरवावं लागतं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांचं अन्न उचललं तर कुणी अडवत नाही, पण परत आल्यावर आपलीच माणसं खचून बसतात. दारात मुलं येतात, आजारी आईसाठी औषध मागतात. द्यावं तर आपल्याकडचं कमी होणार.

बऱ्याच गेममध्ये चांगुलपणासाठी काहीच किंमत मोजावी लागत नाही, इथे लागते. म्हणून तो खरा वाटतो, आणि ओढ त्या खरेपणाचीच असते. (नुसती रक्ताची थारोळी दाखवणाऱ्या कथा मलाही नकोशा होतात.) पोलंड सरकारने २०२० मध्ये हा गेम मोठ्या विद्यार्थ्यांसाठीच्या शिफारशींत घ्यायचं जाहीर केलं, ते मला फार योग्य वाटलं.