नवीन डेस्कटॉप जोडला; पंखे फिरतात, पिवळा दिवा पेटून राहतो, डिस्प्ले येत नाही

परळ_पूर्व, शनिवार, रात्री ९:१५

सगळे सुटे भाग लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून घेतले आणि घरी जोडले. सामान असे: रायझन ५ ७६०० प्रोसेसर (डब्यातल्याच कूलरसह), बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० रॅमची १६ जीबीच्या दोन स्टिकची जोडी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई (एसएसडी), ६५० वॅटचा मॉड्युलर (सुट्या केबलचा) एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय.

बटण दाबल्यावर सगळे पंखे फिरतात. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, त्यातला 'डीरॅम' लिहिलेला पिवळा दिवा पेटून राहतो. मॉनिटरवर 'नो सिग्नल'. मॉनिटर आणि केबल लॅपटॉपला लावून पाहिली, दोन्ही चालतात. मिनिटभर वाट पाहून बंद केला आणि पुन्हा चालू केला, असे सहा-सात वेळा झाले. रॅम प्रोसेसरकडून मोजल्यास पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये आहे. एचडीएमआय बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावली आहे.

आणखी एक: चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. इमारत जुनी आहे. याचा संबंध असू शकतो का?

रेझिस्टर_४७के, रात्री ९:४०

चार गोष्टी दिसतात. एकेक करा. सगळ्या एकदम बदलल्यात तर नेमकी चूक कुठे होती ते कळणार नाही.

पहिली गोष्ट, मिनिटभरात बंद करू नका. एएम५ (७६०० ज्या सॉकेटमध्ये बसतो तो) बोर्ड नवीन रॅमसोबत पहिल्यांदा चालू होतो तेव्हा तो 'मेमरी ट्रेनिंग' करतो. रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या प्रत्येक रेषेवर सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, व्होल्टेज किती धरायचे, हे तो तपासून ठरवतो. डीडीआर५ च्या वेगाला हा अवकाश फार अरुंद असतो, म्हणून वेळ लागतो. ३२ जीबीला काही मिनिटे सहज जातात. तेवढा वेळ पडदा काळा आणि पिवळा दिवा पेटलेला, हे त्या काळात स्वाभाविक आहे. मध्येच वीज तोडली की ट्रेनिंग पुन्हा शून्यापासून. एकदा घड्याळ लावून १५ मिनिटे हात न लावता राहू द्या.

दुसरी गोष्ट स्लॉटची. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये बसवायच्या. बहुतेक बोर्डांवर रेषा पहिल्या स्लॉटवरून पुढच्या स्लॉटकडे जाते. स्टिक अलीकडे बसवली तर पलीकडचा रिकामा तुकडा लोंबकळत राहतो, सिग्नल तिथून परतून मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. ६००० च्या वेगाला तर हे सहसा चालत नाही.

तिसरी, ग्राफिक्स कार्ड तूर्त काढून ठेवा. ७६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्ड काढल्यावर बोर्डाच्या एचडीएमआयला चित्र आलेच पाहिजे. कार्ड बसवलेले असताना चित्र साधारणपणे कार्डाच्या पोर्टवर जाते. तेव्हा केबल कार्डाला लावायची. (७५००एफ असता तर ही सोय नसती, त्यात ग्राफिक्स नाही.)

चौथी, झिणझिण्या. डिस्प्ले न येण्याचे हे कारण नाही, पण दुर्लक्षही करू नका. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्रा मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो, ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज-अर्थ सुमारे २३०, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवे. जुन्या चाळींत अनेकदा तिसऱ्या पिनमागे वायरच नसते. ते दुरुस्त होईपर्यंत यूएसबी आणि एचडीएमआय केबल लावताना-काढताना दोन्ही उपकरणांचे प्लग सॉकेटमधून काढत जा, नाहीतर पोर्ट जाऊ शकतो.

गिरणगाव७२, रात्री १०:०५

एसएमपीएसची चाचणीही करा. २४ पिनच्या प्लगमधली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर पेपरक्लिपने जोडायची. पंखा फिरला तर एसएमपीएस ठीक. आणि रॅमचे सोनेरी पाय खोडरबरने घासून परत लावा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होते.

रेझिस्टर_४७के, रात्री १०:२०

पेपरक्लिपची इथे गरज नाही. पंखे फिरतात आणि बोर्ड रॅमच्या टप्प्यापर्यंत पोचतो, म्हणजे एसएमपीएस चालू होतोय हे आधीच सिद्ध झाले. शिवाय त्या चाचणीत भार नसतो. पंखा फिरणे म्हणजे व्होल्टेज बरोबर असणे नव्हे. शंका असेल तर मशीन चालू असताना मल्टिमीटरने मोजा: १२ व्होल्टची रेषा ११.४ ते १२.६, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल बऱ्याचदा सगळ्याच काळ्या असतात, हिरवी वायर दिसतच नाही, आणि चुकीच्या पिनमध्ये क्लिप घालणे महागात पडते.

खोडरबर जुन्या रॅमसाठी. आपल्याकडच्या दमट हवेत पाच-सात वर्षे राहिलेल्या स्टिकवर थर चढतो, तिथे तो उपयोगी पडतो. नव्या स्टिकवर थर नसतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवाच बिघाड व्हायचा.

पीसी_जुळारी, रात्री ११:१०

दिव्यांबद्दल थोडे. बोर्ड ठरलेल्या क्रमाने तपासत जातो: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जिथे अडतो तो दिवा पेटून राहतो. डीरॅमवर अडकला याचा अर्थ प्रोसेसर जागा झाला, कामाला लागला. म्हणजे वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची सीपीयू केबल बहुधा बरोबर लागलेली आहे. तरी एकदा पाहून घ्या: ती ४+४ अशी फुटणारी, 'सीपीयू' लिहिलेली हवी. ६+२ वाली ग्राफिक्स कार्डाची. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलटसुलट आहेत, खाचा वेगळ्या असल्या तरी जोर लावून चुकीची बसवणारे असतात. तसे झाले तर शॉर्ट होऊन एसएमपीएस क्षणात बंद पडतो. बोर्डावर ८ च्या शेजारी जास्तीचे ४ पिन असतील तर ते रिकामे राहिले तरी चालते, ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो.

डीरॅमच्या दिव्यामागे रॅम सोडून आणखी एक कारण असते, आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच आहे. एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८. त्यातल्या मेमरीच्या पिनांवर प्रोसेसर नीट टेकला नाही, तर स्टिक कितीही चांगली असो, दिवा पेटणारच. म्हणून १५ मिनिटांनंतरही काही झाले नाही तर पुढचे करा. दर वेळी प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलेला चार्ज घालवायचा.

एक स्टिक ए२ मध्ये लावा आणि चालू करून थांबा. मग तीच काढून दुसरी स्टिक ए२ मध्ये. त्यानंतर दोन्ही एकेकट्या बी२ मध्ये. स्टिक दाबताना 'कट्ट' असा आवाज आला पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला कुलूप असते, तिथे दुसरे टोक अर्धवट राहिलेले दिसत नाही, बोटाने दाबून पाहा. चारही निकाल इथे लिहा.

परळ_पूर्व, रविवार, दुपारी १२:३०

कार्ड काढले, स्टिक ए२ आणि बी२ मध्ये लावल्या, १५ मिनिटे थांबलो. पिवळा दिवा तसाच. मग एकेक करून:

स्टिक १, ए२: साधारण तीन मिनिटांनी बायॉस (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) दिसले.
स्टिक २, ए२: बायॉस दिसले.
स्टिक १, बी२: पिवळा दिवा, १० मिनिटे थांबलो.
स्टिक २, बी२: तसेच.

सीपीयू केबल ४+४ वालीच आहे.

पीसी_जुळारी, दुपारी १:००

छान मांडलेत. आता रॅमवरचा संशय मिटला. दोन्ही स्टिक ए२ मध्ये चालतात, दोन्ही बी२ मध्ये अडतात, म्हणजे दोष 'बी' चॅनलचा, प्रोसेसरपासून बी स्लॉटपर्यंतच्या वाटेचा आहे. शक्यता तीन: बी२ स्लॉटमध्ये कचरा किंवा वाकलेला पाय, सॉकेटमध्ये वाकलेली पिन, किंवा कूलरचा दाब एका बाजूला. टॉर्चने बी२ आतून पाहून घ्या, मग कूलर उघडा.

डब्यातला कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बोर्डामागच्या पट्टीत बसतो. एक स्क्रू आधी पूर्ण आवळला की कूलर तिरका होतो आणि समोरचा स्क्रू आटे पकडतच नाही किंवा दोन-तीन आट्यांवर राहतो. मग प्रोसेसर एका कडेला जास्त आणि दुसऱ्या कडेला कमी दाबला जातो. उघडताना चौथा स्क्रू किती फेऱ्यांत सुटतो ते मोजा, त्यावरूनच कळेल.

काढण्याआधी एका स्टिकवर पाच-दहा मिनिटे बायॉसमध्ये चालू ठेवा, पेस्ट मऊ होते. मग प्लग काढून स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे सोडा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून उचला. एएम५ मध्ये प्रोसेसरवर लोखंडी चौकट असल्याने जुन्या एएम४ सॉकेटसारखा तो कूलरला चिकटून उपटून येत नाही, ती धास्ती नको. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

मग सॉकेटचा दांडा उघडून प्रोसेसर कडांनी धरून सरळ वर उचला. सॉकेटला बोट, कापड, ब्रश काहीही लावू नका. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून चारही बाजूंनी फोटो काढा आणि मोठे करून पाहा. पिनांच्या ओळी सारख्या चमकल्या पाहिजेत. वाकलेली पिन त्या ओळीत वेगळी चमकते किंवा काळी दिसते. वाकलेली सापडली तर स्वतः सरळ करू नका. सॉकेटचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवले असेलच. वॉरंटीत बोर्ड देताना ते लावूनच द्यावे लागते.

पिना ठीक असतील तर प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून ठेवा, दांडा बंद करा (जोर लागतो, घाबरू नका), मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट. चारही स्क्रू आधी फक्त दोन-दोन आटे पकडवा. मग तिरप्या जोडीने प्रत्येकी एक-दीड फेरी, आळीपाळीने, आपोआप थांबेपर्यंत.

रेझिस्टर_४७के, दुपारी १:२५

एवढीच भर: हे काम पंख्याखाली करा, घाम सॉकेटमध्ये पडायला नको. आणि बोर्ड दुकानात न्यायची वेळ आलीच तर अख्खा कॅबिनेट लोकलमध्ये नेऊ नका. बोर्ड, प्रोसेसर आणि एक स्टिक अँटिस्टॅटिक पिशवीत, बोर्डाच्याच खोक्यात. कूलर वेगळा.

परळ_पूर्व, संध्याकाळी ६:४५

तीन स्क्रू सहा-सात फेऱ्यांत सुटले, चौथा दीड फेरीत. पेस्टही एकाच बाजूला दाबलेली होती, त्या कोपऱ्याजवळ जाड थर तसाच. पिना सगळ्या सरळ दिसल्या. नवीन पेस्ट लावून सांगितल्याप्रमाणे कूलर बसवला. ए२ आणि बी२ मध्ये दोन्ही स्टिक, चार मिनिटांत बायॉस, ३२ जीबी दिसते. पण रॅमचा वेग ४८०० दाखवतो, आणि बूटच्या यादीत एनव्हीएमई नाही. स्टोरेजच्या पानावर दिसते.

पीसी_जुळारी, संध्याकाळी ७:१०

फार बरे झाले. दोन्ही प्रश्नांत बिघाड नाही.

कोऱ्या एनव्हीएमईवर बूट करण्याजोगे काहीच नसते, म्हणून ती बूटच्या यादीत येत नाही. स्टोरेजमध्ये दिसते तेवढे पुरे. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचे इन्स्टॉलर बनवा आणि यादीतला 'यूईएफआय' ने सुरू होणारा पेनड्राइव्ह निवडा. इन्स्टॉल झाले की 'विंडोज बूट मॅनेजर' आपोआप यादीत येईल. बायॉसमधले सीएसएम (जुन्या पद्धतीचे बूट) बंदच ठेवा.

४८०० हा रॅमचा मूळ वेग. ७६०० ला एएमडीने अधिकृतपणे ५२०० पर्यंतच वेग दिला आहे, ६००० म्हणजे ओव्हरक्लॉक. त्यासाठी बायॉसमध्ये 'एक्सपो' (रॅमचे तयार वेगवान सेटिंग) चालू करावे लागते. पण आज नको. आधी ४८०० वर विंडोज टाका, मग कार्ड बसवून ड्रायव्हर. त्यानंतर एक्सपो. तेव्हा पुन्हा ट्रेनिंग होईल, पुन्हा काळा पडदा, पुन्हा थांबा. एक्सपोनंतर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. एकही एरर चालणार नाही; आली तर वेग ५६०० करून पुन्हा तपासा.

एक्सपोनंतर बूटच झाले नाही तर प्लग काढून बोर्डावरच्या सीएमओएसच्या (बायॉस सेटिंग पुसण्याच्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा. सेटिंग मूळपदावर येते.

रेझिस्टर_४७के, संध्याकाळी ७:३०

दर वेळी चालू होताना अर्धा-पाऊण मिनिट काळा पडदा राहिला तर बायॉसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर' आहे का पाहा. ते चालू केले की आधीच्या ट्रेनिंगचे आकडे वापरले जातात आणि वेळ वाचतो. मात्र मेमटेस्ट पास झाल्यावरच चालू करा, आणि नंतर विंडोजचे एररचे निळे पडदे येऊ लागले तर सर्वांत आधी तेच बंद करून बघा.

अर्थिंगचे काम उद्याच करून घ्या. ग्राफिक्स कार्ड त्यानंतर बसवा.