चरणजित सिंग यांच्या डिस्को ठेक्यावरच्या दहा रागांत ‘राग’ कितपत उरतो?

प्रश्न : सायंतन

चरणजित सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या तबकडीने मला अक्षरशः झपाटले आहे. १९८२ साली मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली आणि एचएमव्हीने काढलेली ही तबकडी त्या काळी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजवलेल्या या वादकाने तबला बाजूला ठेवून भूपाली, ललित, मधुवंती, मालकंस असे दहा राग यंत्रांच्या साथीने वाजवले, याचेच मला अपार कौतुक वाटते. माझे काही स्नेही मात्र म्हणतात की ही केवळ रागांची स्वरावली आहे, राग नव्हे. हे मला पटत नाही. जाणकारांनी आपले मत सविस्तर मांडावे, ही विनंती.

प्रतिसाद : औडव

स्नेह्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. प्रत्येक राग जेमतेम पाच मिनिटांचा असल्यामुळे आलापीला, बढतीला, म्हणजे राग सावकाश उलगडत नेण्याला, वाव नाही, आणि कळफलकाचे स्वर समान अंतरांवर बांधलेले असल्यामुळे याच तबकडीतल्या तोडी रागाचा अतिकोमल, म्हणजे नेहमीच्या कोमलाहून किंचित खालचा, गंधार तिथे मिळणे कठीण. पण रागांची निवड पाहा. भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चारही औडव आहेत, म्हणजे पाचच स्वरांचे. त्यामुळे खाली तोच तो छोटा तुकडा कितीही वेळ फिरत राहिला, तरी वर्ज्य, म्हणजे रागात न चालणारा, स्वर आड येत नाही आणि रागाची चौकट अभंग राहते. ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात आणि पंचम नाही, तरीही सिंग यांनी तो घेतला, याला मी धाडस म्हणेन. ज्याला राग ठाऊक नाही, त्याला ही निवड सुचली नसती.

प्रतिसाद : खटका

यंत्रांविषयी थोडे लिहितो, कारण उत्तराचा निम्मा भाग तिथे आहे. तिन्ही यंत्रे रोलँड कंपनीची : ठेका टीआर-८०८ या तालयंत्राचा, खालचा खर्ज टीबी-३०३चा आणि वरची सुरावट ज्युपिटर-८ या सिंथेसायझरची. टीबी-३०३ हे मुळात एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेले यंत्र. त्यात सोळा घरांत स्वर भरून ठेवता येतात आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही आहे. सिंग यांच्या हाती ही घसरण मींडेच्या, म्हणजे दोन स्वर अखंड ओढीने जोडण्याच्या, कामी आली. खालचा तुकडा यंत्र फिरवत राहते, पण वरची सुरावट माणसाच्या हातची आहे, आणि तो हात राहुलदेव बर्मन यांच्यासारख्यांकडे वाजवून तयार झालेला आहे. चांगल्या हेडफोनवर केवळ वरच्या सुरावटीकडे कान द्या. स्वर घेण्यापूर्वीची किंचित ओढ स्पष्ट ऐकू येते.

प्रतिसाद : उत्तरांग

टीबी-३०३च्याच आवाजावर उभ्या राहिलेल्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताच्या प्रकाराचे जनक म्हणून त्यांचा जो गौरव होतो, तो मला थोडा अडचणीचा वाटतो. शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाचे ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७चे, म्हणजे सिंग पाच वर्षे आधीचे, हे खरे; पण शिकागोच्या मंडळींपर्यंत ही तबकडी पोहोचल्याचा पुरावा नाही, आणि सिंग यांनाही त्या प्रकाराची पायाभरणी करायची नव्हती. चित्रपटांत डिस्कोची लाट होती, तोच ठेका घेऊन वेगळे काही करावे, एवढाच त्यांचा विचार होता. २०१५ साली ते गेले. त्यापूर्वी युरोपातल्या तरुण श्रोत्यांसमोर त्यांना हे वाजवता आले, याचे मला फार समाधान आहे. त्यांना कुणाचे पूर्वज ठरवण्यापेक्षा मुंबईच्या स्टुडिओत घडलेला एक पक्का वादक म्हणून ऐकावे.

प्रश्नकर्ता : सायंतन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. औडव रागांचा मुद्दा मला हवा होता तोच आहे. आता स्नेह्यांना प्रथम कलावती आणि मालकंस ऐकवेन, ललित त्यानंतर, आणि तोडी अगदी शेवटी, म्हणजे गंधारावरचा वाद तेवढ्यापुरताच राहील.