कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या
लिंबाच्या झाडाची कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात, हे लक्षण लोहाच्या कमतरतेचंच. पण मातीत लोह नाही असं समजू नका. देशावरची काळी माती बेसाल्टची, लोह तिच्यात भरपूर. अडचण चुनखडीची आहे. मातीचा सामू (pH) ८ च्या आसपास गेला की ते लोह मुळांना मिळत नाही. म्हणून नुसतं हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) आळ्यात टाकायचा सल्ला मला पटत नाही, तेही तिथेच अडकतं. कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या.

चुनखडी घरीच कळते. मातीचं ढेकूळ आधी पाण्याने भिजवा, नाहीतर कोरड्या मातीतून निघणारे हवेचे बुडबुडे फसवतात. मग त्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी नक्की. मग अंड्याची टरफलं, राख यातलं काहीही त्या झाडाला घालू नका, कृपया! कोकणातली जांभी माती आम्लधर्मी, तिथे चुना चालतो, इथे नाही.

नवीन झाड लावणार असाल तर खड्डा खणतानाच तळाची मातीही अशीच तपासा. वर काळीभोर आणि हात-दीड हातावर पांढरट चुनखडीचा थर, असं पुष्कळ ठिकाणी असतं.