पैठणीच्या नारळी काठाचा क्रोशे काउल, कोणी केलाय का?

पार्लेकरीण
नमस्कार मंडळी, बीकेसीत ऑफिस आहे आणि एसी इतका फुल असतो की गळ्याला काहीतरी लागतंच, म्हणून गोल काउल (गळ्यात घालायचा, टोकं जोडलेला मफलर) विणायचाय, पण नुसता प्लेन नकोय. आईची येवल्याची पैठणी आहे, मोरपंखी अंग आणि राणी कलरचे काठ, तिच्यावरून रंग घ्यायचे आणि नारळी काठ (त्रिकोणांची रांग असलेला), पदरावरचे मोर सगळं आणायचं असं मनात आहे. मुक्या खांबात (क्रोशेचा बुटका टाका) दोन रंगांचं सॅम्पल केलं तर काठाचे त्रिकोण सगळे उजवीकडे कललेत. असं का होतं? आणि धागा कॉटन घेऊ की लोकर?

टाकेवाली
मुंबईत कॉटनच गं, लोकर मानेला टोचते आणि स्टेशनवर उतरलं की घाम. ४ प्लाय (धाग्याची जाडी) घे. कलण्याचं म्हणशील तर गोल विणताना काम उलटत नाही, त्यामुळे प्रत्येक मुका खांब खालच्यापेक्षा थोडा उजवीकडे बसतो आणि ओळी वाढतात तसा तिरकेपणा साठत जातो. उपाय आहे, सुई वरच्या दोन दोऱ्यांखालून न घालता खालच्या टाक्याचा जो व्ही दिसतो त्याच्या मधोमध घाल, टाके बरोबर एकावर एक येतात. फक्त हात सैल ठेव आणि सुई ४ एमएमची घे, नाहीतर सुई आत शिरतच नाही.
नारळी काठाला १२ टाक्यांचा रिपीट धर, खाली ११ टाके राणी आणि १ सोनेरी, मग वरच्या ओळींत राणी टाके ९, ७, ५, ३, १, असे सहा ओळींत त्रिकोण पूर्ण. १० सेंमीत २० टाके बसत असतील तर ६० सेंमीच्या घेराला १२० टाके, म्हणजे बरोबर १० त्रिकोण.

गिरगाव_गल्ली
मोर मात्र सोड, मनापासून सांगते. पैठणीत मोर शोभतो कारण रेशीम बारीक असतं, ४ प्लायमध्ये तेवढ्या जागेत त्याची मानही नीट वळणार नाही. एकच काठ घे पण तो नीट उतरव, पैठणी बघणाऱ्याला लगेच कळेल.
आणि एक, पैठणीत काठाचे रंगीत धागे जिथे रंग बदलतो तिथेच एकमेकांत अडकवून मागे फिरवतात, मागे लोंबते धागे नसतात, म्हणून ती दोन्हीकडून सारखी दिसते. गोल क्रोशेत हे जमवणं कठीण, कारण फेरी संपते तेव्हा धागा रंगाच्या पलीकडच्या टोकाला राहिलेला असतो. त्यामुळे दुसरा रंग टाक्यांच्या आतून नेत राहावं लागतं आणि कापड जाड, ताठ होतं. म्हणून वर-खाली दोन्ही कडांनाच त्रिकोण कर आणि मधलं अंग साध्या खांबांत (मुक्या खांबापेक्षा उंच टाका) सैल विण, तरच मानेभोवती छान पडेल.

पार्लेकरीण
हे पटलं, मोर कॅन्सल! पण मधल्या अंगाला ती पैठणीची झळाळी कशी आणू, साडी हलवली की रंग बदलतो तशी?

टाकेवाली
ते धूपछाव, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो म्हणून. तू ४ प्लायऐवजी दोन पातळ धागे एकत्र धर, एक निळा एक हिरवा, सुई तीच. आधी छोटा चौकोन विणून बघ आणि राणी रंग पांढऱ्या कपड्याबरोबर भिजत घालून बघ, गडद गुलाबी धागा बऱ्याचदा रंग सोडतो आणि सोनेरीवर लागला की निघत नाही.

गिरगाव_गल्ली
धाग्यासाठी भुलेश्वरला जा, पैठणीचा फोटो मोबाईलवर नको, ब्लाउजपीसचा तुकडा सोबत घेऊन जा आणि दुकानाबाहेर उजेडात ताडून बघ.