नेरुळमधील १२ मीटर रुंद अंतर्गत रस्ता : सायकलसाठी पट्टी मागावी की गाड्यांचा वेग कमी करून घ्यावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमच्या सेक्टरमधील अंतर्गत रस्त्याचे पावसाळ्यानंतर डांबरीकरण होणार असून रहिवाशांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीसह बरीच मुले या रस्त्याने सायकलवरून शाळेत जातात. गेल्या महिन्यात उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले, तिच्या सायकलचे हँडल त्याला लागले आणि ती थेट रस्त्याच्या मध्याकडे फेकली गेली. मागच्या रिक्षावाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून निभावले.

सोसायटीतील बहुतेकांना कडेने रंगाची पट्टी आखून घ्यावी असे वाटते. मी टेप धरून मोजले, तेव्हा रस्ता १२ मीटर भरला. दोन्ही बाजूंच्या पार्किंगला २-२ मीटर आणि येण्याजाण्याच्या मार्गिकांना ३-३ मीटर सोडले, तर सायकलला प्रत्येक बाजूला जेमतेम १ मीटर उरतो, आणि तोही नेमका दार उघडते त्याच जागेत. अशी पट्टी मुलांना धोक्याच्या जागेतूनच चालवायला शिकवेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका बाजूचे पार्किंग काढल्यास दोन्हीकडे दीड मीटरची पट्टी आणि उरलेल्या पार्किंगलगत १ मीटर मोकळी जागा मिळते. परंतु दुकानदारांचा त्याला विरोध आहे.

दुसरा मार्ग वेगाचा. नेदरलँड्समध्ये ताशी ३० किलोमीटरच्या निवासी रस्त्यांवर सायकली आणि मोटारी सहसा एकत्रच चालतात, तर ५० च्या मुख्य रस्त्यांवर सायकलमार्ग शक्यतो वेगळा ठेवतात. मी रस्त्यावर खडूने ५० मीटरच्या खुणा करून दोन सकाळी गाड्यांची वेळ घेतली. ताशी ३० च्या वेगाने हे अंतर कापायला ६ सेकंद लागायला हवेत. बऱ्याच गाड्या ४ सेकंदांतच गेल्या, म्हणजे ताशी ४५. या वेगाला धडकेची ऊर्जा ३० च्या सव्वादोन पट होते.

गतिरोधक नुसते टोकदार न करता माथा सपाट आणि चढ सौम्य ठेवून केले, तर बस आणि रुग्णवाहिकांना कितपत त्रास होतो? ते किती अंतरावर असावेत, आणि वळणांचे कोपरे आवळून घेतल्याने वेग खरोखर उतरतो का? गटारांच्या जाळ्यांच्या पट्ट्या आडव्या बसवाव्यात, हे मी अर्जात आधीच लिहिले आहे, कारण उभ्या फटीत सायकलचे चाक रुतते.

ठाणे किंवा नवी मुंबईत कोणी असे काम करून घेतले असल्यास, अर्जासोबत नकाशा कोणत्या स्वरूपात दिला आणि पार्किंगबाबत दुकानदारांशी कसे बोलणे केले, हे कृपया सविस्तर सांगावे.